चप्पल निसटली तरी कळत नाही?



बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण जाणतो. पण त्या मधुमेहाने त्यांच्या पायांच्या नसा धरल्या होत्या, हे वस्तीत फार कुणाला ठाऊक नसते. संविधानाचे काम चालू होते त्या काळात पायांच्या वेदनांनी त्यांची झोप उडाली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाल्यावर डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांचे औषध आणि पथ्य सांभाळले. आपल्या बोदवडच्या वस्तीत मात्र "वय झालं, पाय दुखणारच" म्हणून दुखणे अंगावर काढतात. पायाच्या या खुणा ओळखा.

तळव्यांना मुंग्या, आग, कापसावर चालल्यासारखे वाटणे, चप्पल निसटली तरी न कळणे: मधुमेहाने नसा बधिर होत आहेत. अशा पायाला काटा किंवा मे महिन्यातली तापलेली जमीन कळत नाही. जखम आतून चिघळते आणि पाय कापायची वेळ येते. रक्तातली साखर तपासा.

थोडे चालले की पोटरीत गोळा, थांबले की आराम: पायाची रक्तवाहिनी चोंदत असावी. विडी-तंबाखू आजच सोडा, डॉक्टरांना पाय दाखवा.

पाऊल वर उचलत नाही, बोटे जमिनीला घासतात: कंबरेची नस दबली असेल किंवा कुष्ठरोग असेल. अंगावर बधिर चट्टा आहे का, पाहा. कुष्ठरोग हा शाप नाही, मागच्या जन्मीचे पाप नाही; तो जंतूंचा आजार आहे. सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत मिळतात, ६ ते १२ महिन्यांत तो बरा होतो. उशीर झाला तर पाऊल कायमचे लोंबते.

सकाळी पहिले पाऊल टेकताना टाचेत कळ, चार पावलांनी कमी: टाचेखालचा पडदा सुजला आहे. पातळ चप्पल बदला.

एकाएकी एक पाय लुळा, तोंड वाकडे, बोबडे बोलणे: हा लकवा. तेल चोळत, उतारा काढत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

मधुमेह असेल तर भोवरी ब्लेडने कापू नका, गरम पाण्यात पाय घालू नका, घरातही अनवाणी फिरू नका.

विहारात वंदनेला जाताना आपण चपला बाहेर काढतोच. परतताना त्या घालण्याआधी आपल्या आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे तळवे एकदा उजेडात पाहा. तेवढ्याने एखादा पाय वाचेल.