कुरडईचं खोकं

कुरडई वजनाला काहीच नाही, पण जागा अडवते घरभर. सांगलीकडच्या एखाद्या बचत गटानं अर्धा किलो कुरडया पुण्याला पाठवायच्या म्हटल्या, की पहिला धडा कुरिअरवाला देतो. 30 बाय 30 बाय 20 सेंटीमीटरचं खोकं. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करायचा, 5000 नं भागायचं, उत्तर 3.6 किलो. बिल त्याचं. शिवाय वाटेत चुरा झाला, तर तो भुर्दंड वेगळाच.

ओएनडीसी म्हणजे 'ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स'. तिची गोष्ट या खोक्यापाशी उभं राहून बघावी असं मला वाटतं. केंद्र सरकारच्या पुढाकारानं 31 डिसेंबर 2021 ला ही ना-नफा कंपनी स्थापन झाली; एप्रिल 2022 मध्ये दिल्ली, बेंगळुरू, भोपाळ, शिलाँग आणि कोइम्बतूर इथं चाचणी सुरू झाली. नाव ऐकून लोक फोनमध्ये ॲप शोधायला लागतात. तसं ॲप नाहीच. आहे ती ॲपांनी एकमेकांशी कसं बोलायचं याची नियमावली. यूपीआयमध्ये आपलं ॲप एक, समोरच्याचं दुसरं, तरी पैसे पोचतात ना, तसंच. गिऱ्हाइकानं आपल्या ॲपवर 'कुरडई' टाकलं, की तो सांगावा गेटवेमार्फत वेगवेगळ्या विक्रेता-ॲपांकडे जातो, आणि ज्याच्याकडे माल आहे त्याचं उत्तर उलट येतं. माल पोचवणारा तिसराच.

मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान तुमचं, पण उंबरा मालकाचा. तो उंबराच काढून टाकायचा हा विचार मला मनापासून पटतो. अडचण एवढीच, की खोकं फुटलं तर तिघं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. तक्रारीची रीत नियमावलीत आहे. पण खोकं बांधणाऱ्या बाईला ती कुणीतरी मराठीत समजावून सांगायला हवी.

खरं काम त्याही आधी सुरू होतं, कॅटलॉग भरताना. निव्वळ वजन, एमआरपी, एचएसएन कोड, एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर. मग फोटो. पांढरी कुरडई स्टीलच्या ताटात ठेवली, तर नुसतं ताटच चमकतं. खाली निळी चादर अंथरली की तिची एकेक तार दिसायला लागते. आणि नाव? 'कुरडई'चं रोमन स्पेलिंग दहा जणी दहा तऱ्हांनी करतात, शोधणारा अकराव्या. ज्या गटात कॉलेजात जाणारी एखादी पोरगी असते, तिथं हे सगळं चार दिवसांत उरकतं. नसेल तिथं नियमावली कितीही खुली असो, वाळवण डब्यातच राहतं.

जीएसटीचं कोडं मात्र थोडं सुटलं. पूर्वी ऑनलाइन माल विकायचा तर उलाढाल कितीही किरकोळ असो, नोंदणी लागायचीच. 1 ऑक्टोबर 2023 पासून उलाढाल मर्यादेच्या आत असेल, तर राज्यातल्या राज्यात त्याशिवाय विकता येतं. महाराष्ट्रात मालासाठी ही मर्यादा 40 लाखांची, म्हणजे बचत गटाला पुरून उरेल एवढी. सांगलीहून नागपूरला कुरडया बिनघोर जातात. बेळगाव त्याच्या मानानं हाकेच्या अंतरावर, पण मध्ये राज्याची हद्द. तिथल्या गिऱ्हाइकासाठी अजून कुणी जाणारं-येणारं माणूसच बघावं लागतं.