सूत्र आहे की हाताने टाकलेला आकडा?

सूत्राने आलेली बेरीज आणि हाताने टाकलेला आकडा दिसायला सारखेच. पण सूत्रावर चुकून आकडा टाइप झाला, की वरच्या रकमा बदलल्या तरी तो जागचा हलत नाही. अशी जागा रंगाने पकडता येते.

● कृती : एक्सेलमध्ये डी२ ते डी५० सेल निवडा. होम टॅबवरच्या ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मधून ‘न्यू रूल’ घ्या आणि सूत्र वापरण्याचा पर्याय निवडा.

● नियम : =नॉट(इजफॉर्म्युला(डी२)) हे सूत्र रोमन अक्षरांत टाइप करून पिवळा रंग द्या. सूत्र नसलेले सेल पिवळे होतील, रिकामेही.

● डॉलर काढा : माउसने सेल निवडल्यास एक्सेल $डी$२ असा पत्ता घेतो. मग सगळे सेल त्या एकाच सेलवरून रंग ठरवतात.

● कुठे चालते : एक्सेल २०१३ पासून पुढे, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही.

● मर्यादा : सूत्र आहे की नाही, एवढेच रंग सांगतो. ते बरोबर आहे का, हे आपणच तपासायचे. हिशेब दुसऱ्याकडे सोपवण्यापूर्वी ही तपासणी जरूर करा.