श्वास अडकलेले मूल : पुण्याआधी जवळचे रुग्णालय

शेंगदाणा, फुटाणा किंवा सीताफळाची बी घशात अडकून लहान मूल गुदमरू लागले, की घरात एकच धावपळ उडते. 'थेट पुण्याला न्या,' असा सल्ला हमखास मिळतो. शिरूरहून पुणे सुमारे ७० किलोमीटर आणि दौंडहून त्याहून थोडे अधिक आहे. रस्ता मोकळा असला, तरी तासाहून अधिक वेळ लागतोच. मेंदूचा प्राणवायू पूर्ण तुटल्यास मात्र चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. म्हणूनच अशा मुलाला आधी शिरूर वा दौंडमधील जवळच्या रुग्णालयात न्यावे.

मुलांना धोका अधिक का?

तान्ह्या मुलाची श्वासनलिका जेमतेम ४ मिलिमीटर रुंद असते. तिला आतून चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तरी हवेची वाट पाऊण हिश्शाने कमी होते आणि हवेला होणारा अडथळा सुमारे सोळा पटींनी वाढतो. शिवाय वजनाच्या मानाने बाळाला प्रौढाच्या जवळपास दुप्पट प्राणवायू लागतो.

घरी काय करावे?

मूल जोराने खोकत वा रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर कुणालातरी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगून लगेच उपाय सुरू करावेत. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे घेऊन डोके खाली ठेवावे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. मोठ्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि बेंबीच्या वर, आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. तोंडात वस्तू दिसत नसताना बोट घालून चाचपडू नये. ती अधिक खोल जाते. मूल बेशुद्ध झाल्यास छाती दाबणे व तोंडाने श्वास देणे सुरू करावे.

रुग्णालयात काय होते?

बाळाचे डोके मोठे असल्याने उताणे निजवताच मान पुढे झुकते. त्यामुळे खांद्यांखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून श्वासमार्ग सरळ केला जातो, घसा साफ केला जातो आणि मापाचा मास्क लावून 'अंबू बॅग'ने श्वास दिला जातो. श्वासनलिकेत नळी घालणे म्हणजेच खरे उपचार, असा समज आहे. परंतु २००० मध्ये अमेरिकेत रुग्णालयाबाहेर उपचार मिळालेल्या ८३० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बॅग व मास्कऐवजी नळी वापरल्याने जगण्याचे प्रमाण वाढले नसल्याचे त्यात आढळले. साधी बॅग, सर्व मापांचे मास्क आणि सराव असलेले हात ही तालुक्याच्या रुग्णालयातही शक्य असलेली तयारी आहे.

श्वास स्थिर झाल्यावर मुलाला पुण्याला न्यावे. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ सेवेच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतात. शेंगदाणा क्ष-किरण चित्रात दिसत नाही. म्हणून गुदमरणे थांबल्यानंतरही खोकला वा घरघर राहिल्यास दुर्बिणीद्वारे तपासणी आवश्यक ठरते. पुण्याचा प्रवास आवश्यक आहेच. मात्र तो मुलाचा श्वास सुरू झाल्यानंतरच करावा.