बळ जाते कुठे?

कला शाखेच्या अंकात लोखंडाचा लेख कशाला, असे आमचे काही प्राध्यापक म्हणतील. माझे वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचे काम करतात. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, तेव्हा पुस्तकांच्या आधी वेल्डिंगच्या ठिणग्याच पाहिल्या. शिवाय विषय नाशिकला परका नाही. महिंद्रांची ‘थार’ आपल्या नाशिकच्याच कारखान्यात तयार होते. तिची आजी म्हणजे विलीज जीप; तिची जुळणी महिंद्रांनी मुंबईत माझगावला 1949 साली सुरू केली.

अशी गाडी घेऊन सुट्टीच्या दिवशी हरसूल, पेठ, इगतपुरीकडे आडवाटेने जाणारे हौशी लोक आता पुष्कळ झाले आहेत. निघण्यापूर्वी ते गाडीला साइडगार्ड बसवून घेतात आणि ओढण्याचे सामान घेतात. या दोन्ही गोष्टींत पाहायचे काय, ते मला समजले तसे सांगते.

आपल्याकडचा डोंगर काळ्या पाषाणाचा, पायऱ्यापायऱ्यांचा. पुढचे चाक पायरी चढून जाते, पण दोन चाकांमधला भाग खडकाच्या कडेवर टेकतो. तिथे दाराखाली असतो तो पातळ पत्रा. तो एकदा चेपला की दार लागत नाही. हा मार झेलण्यासाठी दोन्ही बाजूंना जाड पोलादी नळी बसवतात, तोच साइडगार्ड. दुकानात त्याच्याशेजारी हुबेहूब तसाच दिसणारा फूटस्टेप मांडलेला असतो. तो पाय ठेवून चढण्यापुरता. त्यावर गाडीचा भार आला तर तो वाकून दारालाच भिडतो.

गिऱ्हाईक विचारते, “पाइप किती जाडीचा?” आमचे वडील चौथी शिकलेले. ते म्हणतात, “पाइप राहू द्या. बळ जातं कुठं, ते आधी पाहा.” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. थारसारख्या गाडीत खाली शिडीसारखी पोलादी चासी असते आणि वर पत्र्याचे शरीर रबरी बैठकांवर बोल्टने बसवलेले असते. खडकाचा धक्का नळीतून ब्रॅकेटमध्ये, ब्रॅकेटमधून चासीत गेला, तर गाडीच्या सगळ्यात मजबूत हाडावर तो जिरतो. तीच नळी पत्र्याला जोडली, तर नळी शाबूत राहते आणि पत्रा फाटतो. म्हणून एका बाजूला तीन-चार ब्रॅकेट, प्रत्येकामागे रुंद पट्टी, आणि वजन वाटले जाईल असे अंतर हवे. चासीला शक्यतो नवे भोक पाडू नये. कंपनीने ठेवलेली भोके वापरावीत. आणि ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग कुठून जाते ते पाहिल्याशिवाय वेल्डिंगचा रॉड हातात घेऊ नये.

कायद्याचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली तेच बजावले. पुढच्या बाजूच्या ‘बुल बार’वर तर केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले. कारण साधे आहे: रस्त्यावरच्या पादचाऱ्याला ते लोखंड जास्त लागते, आणि एअरबॅग उघडण्याच्या वेळेतही त्याने गडबड होऊ शकते. साइडगार्ड मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याच्या नडगीचा विचार करा. मला विचाराल तर आरटीओत चौकशी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता ओढण्याच्या सामानाकडे वळते. खरा धोका इथेच आहे. पावसाळ्यात काळी माती फुगते आणि चाक गिळते. लष्करी लोकांचा एक ठोकताळा आहे: चाके रुतली असतील तर गाडीच्या वजनाएवढे बळ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. थारचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास, म्हणजे मडगार्डपर्यंतच्या चिखलात साडेतीन टनांची ओढ! म्हणून फावड्याने चाकापुढची माती काढणे आणि टायरमधली हवा कमी करणे ही कामे आधी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दोरही दोन जातींचे. नायलॉनचा झटक्याचा पट्टा ताणला की सुमारे पाचवा हिस्सा लांबतो आणि रबरासारखा गाडी ओढून काढतो. विंचचा दोर मात्र लांबू नये. एकाचे काम दुसऱ्याकडून घेऊ नये, आणि साखळीने तर झटका कधीच देऊ नये. विंच घ्यायचा तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकदीचा घ्यावा. दोर कप्पीतून फिरवून परत आपल्याच गाडीला बांधला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो. शाळेत शिकलेली कप्पी इथे उपयोगी पडते.

आणि पुन्हा वडिलांचाच प्रश्न: बळ जाते कुठे? दोर कितीही चांगला असो, तो चासीला बोल्टने पक्क्या केलेल्या हुकालाच अडकवावा. बंपरला नाही, आणि मागच्या ट्रॉलीच्या गोळ्याला तर मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात असे गोळे तुटून उडाले आणि माणसे दगावली आहेत. ताणलेल्या पट्ट्यात साठलेले बळ हुक तुटताच त्या लोखंडासकट सुटते. आपल्या गावांत गाडी रुतली की अर्धा गाव जमतो, पोरे सर्वांत पुढे. त्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी मागे सारावे, दोरावर मध्यभागी ओले गोणपाट टाकावे, आणि मगच ओढायला सांगावे. एकदा एका गिऱ्हाइकाने जुन्या बंपरलाच हुक डकवून मागितला. वडिलांनी नाही म्हटले. ते चारशे रुपयांचे काम शेजारच्या शेडमध्ये गेले. रात्री जेवताना वडील आईला म्हणाले, “त्याच्यापुढं उभं राहणारं पोर कोणाचं असंल, काय माहीत.”

घरी आल्यावर पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. चिखलातले बारीक खडे आतून धागे कापतात. कुठे चीर दिसली तर तो पट्टा गवताचे भारे बांधायला द्यावा. आणि नव्या साइडगार्डचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर एकदा पान्याने तपासून घ्यावेत.