पाणी थर्मासात, पावडर डबीत
बाळाला घेऊन दिवसभर बाहेर जाताना

या पानावर मी आजवर हुमणी, ठिबक, बीजप्रक्रिया असल्याच विषयांवर लिहीत आलो. आजचा विषय वेगळा आहे. घरात तान्हं लेकरू आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला डब्याचं दूध चालू आहे आणि कुणाचं लग्न, कुणाचं जावळ, कुठली जत्रा म्हणून दिवसभरासाठी बाहेर पडायचं आहे. अशा वेळी बाळाचं दूध कसं न्यायचं? शेतीखात्याच्या माणसानं यात का पडावं, असं तुम्ही म्हणाल. माझ्याच घरात घडलं म्हणून लिहितो.

माझी मुलगी पाचव्या महिन्यात होती. बाळंतपणानंतर सौ. बरीच आजारी पडली, औषधं जबर होती, अंगावरचं दूध आटलं आणि डॉक्टरांनी डबा लिहून दिला. जावळ तुळजापूरला काढायचं असा आमच्याकडचा रिवाज. चैत्राचे दिवस, सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पहाटे पाचला उठून आम्ही चार बाटल्या दूध करून घेतलं. बाटल्या उकळून घेतल्या होत्या, हात धुतले होते, पाणीही उकळलेलं होतं. आपण सगळं नीट केलं या समाधानात त्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवल्या आणि मोहोळहून सकाळची एसटी धरली. सोलापूरला गाडी बदलली. देवळात ही गर्दी! दर्शन, जावळ, जेवण उरकेपर्यंत दुपारचे दोन वाजले. तिसरी बाटली तेव्हा पाजली. वास घेऊन पाहिला, दूध नासलेलं नव्हतं.

रात्री उलट्या सुरू झाल्या, पहाटे जुलाब. तीन दिवस सलाईनवर काढले. दवाखान्यात डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘दूध कधी केलं होतं?’’ मी म्हणालो, पहाटे पाचला. ते पुढं काही बोलले नाहीत. आणि मला आठवलं की आदल्याच आठवड्यात एका गावच्या बैठकीत मी बजावून सांगितलं होतं, फवारणीचं द्रावण कालवून ठेवू नका, लागेल तेव्हा लागेल तेवढंच करा.

चूक कुठं झाली ते आता नीट समजून घ्या. डब्यातली पावडर कितीही महागाची असली तरी ती निर्जंतुक नसते. डबा सीलबंद असला म्हणजे आत जंतू नाहीत असं नव्हे. कारखान्यात काळजी घेऊनही क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला या जातीचे थोडे जंतू तिच्यात राहू शकतात. कोरड्या पावडरीत ते गप्प पडून असतात, जसं गोदामात बी पडून असतं. पाणी आणि ऊब मिळाली की उगवतात. अंगाच्या तापमानाला असा जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. आता हिशेब तुम्हीच करा. एका जंतूचे दोन तासांत चौसष्ट होतात. सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे वीस लाखांच्या वर! दुधाला वास यायच्या, ते फाटायच्या कितीतरी आधी ते बाळाला बाधणारं झालेलं असतं. त्यामुळं वास घेऊन पाहण्यात काही अर्थ नाही.

म्हशीची धार काढली की आपण डेअरीला पोचवायची केवढी घाई करतो. पुढं ते दूध बल्क कूलरमध्ये चार अंशांवर नेतात. आणि लेकराचं दूध मात्र चाळीस अंशांच्या उन्हात पिशवीत घालून गावभर हिंडवतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ साली याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातली मुख्य गोष्ट अशी की पावडर कालवायचं पाणी ७० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेलं नसावं. तेवढ्या उष्णतेनं पावडरीतले जंतू मरतात. काही डब्यांवर पाणी उकळून कोमट करून घ्या असं छापलेलं असतं. कोमट पाण्यात जंतू मरत नाहीत, उलट त्यांना ती ऊब सोयीची होते. दोन महिन्यांच्या आतलं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर यात हयगय अजिबात नको. दुसरी गोष्ट अशी की केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, नाहीतर फेकायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी म्हणेन की दोन तासांचीही वाट पाहू नका, केलं की पाजा.

म्हणून बाहेर जाताना दूध न्यायचंच नाही. दुधाचं सामान न्यायचं, वेगवेगळं.

पाण्यासाठी चांगला स्टीलचा थर्मास घ्या आणि तो फक्त बाळाचा ठेवा. चहाचा थर्मास चालणार नाही, त्याच्या बुचाला दुधाचा थर बसलेला असतो. आधी त्यात उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा, ते ओतून टाका आणि मग खळखळ उकळलेलं पाणी काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. आपला थर्मास किती वेळ टिकतो हे घरी एकदा बघून ठेवलेलं बरं. मी डेअरीतला थर्मामीटर आणून बघितलं. सकाळी सहाला भरलेलं पाणी दुपारी बारालाही सत्तरच्या वर होतं. सगळ्यांचा तसा निघेल असं नाही. माझ्या मेव्हण्याचा लग्नात आहेर आलेला थर्मास तीन तासांत कोमट झाला. दिसायला फार झकास होता.

पावडर कोरड्या डबीत न्यायची. एका वेळची एक डबी, अशा छोट्या स्टीलच्या डब्या उकळून, उन्हात खडखडीत वाळवून घ्यायच्या. ओली डबी घेतली तर सगळं मुसळ केरात. बाळ जितक्या वेळा पितं तितक्या डब्या आणि वर एक जादा, कारण एसटी कुठं पंक्चर होईल सांगता येत नाही. माप घरीच शांतपणे घाला. डब्यातलाच चमचा वापरा, सुरीच्या पाठीनं सपाट करा, दाबून भरू नका. बऱ्याच डब्यांवर तीस मिली पाण्याला एक चमचा असं प्रमाण असतं, पण आपल्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, कारण एका कंपनीचा चमचा दुसऱ्या कंपनीच्या डब्याला लागू पडत नाही. आधी पाणी मोजून घ्यायचं, मग पावडर टाकायची. उलटं केलं की माप चुकतं.

इथं एक मनाला लागणारी गोष्ट लिहितो. डबा महाग आहे. मजुरीवर जगणाऱ्या घरात तो महिनाभर पुरवायचा असतो, मग चार चमच्यांच्या जागी तीन पडतात. बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं, रडत नाही, पण वजन वाढत नाही. काही ठिकाणी उलट. बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून आजी एक चमचा जास्त टाकते. त्यानं शौचाला खडा होतो, अंगातलं पाणी कमी पडतं. औषध कमी पडलं तर कीड मरत नाही आणि जास्त झालं तर पान करपतं, हे आपल्याला पंपाच्या बाबतीत पाठ आहे. डबा परवडत नसेल तर पाणी वाढवू नका. डॉक्टरांशी, अंगणवाडीताईंशी, आशाताईंशी सरळ बोला. अंगावरचं दूध पुन्हा चालू करता येतं का हेही त्यांना विचारा, पुष्कळदा येतं.

बाटल्यांबद्दल. बाटली, बूच, झाकण सुटं करून ब्रशनं घासायचं, मग पातेल्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळायचं. आत हवा अडकून बाटली तरंगत राहिली तर तेवढा भाग उकळत नाही. वाळली की झाकण लावूनच पिशवीत टाका. जितक्या वेळा पाजायचं तितक्या बाटल्या लागतील, बसस्टँडच्या नळावर विसळून तीच वापरायची नाही. एवढ्या बाटल्या कुठून आणायच्या? तर बाटली नकोच. वाटी-चमचा घ्या. डॉक्टर लोकही तेच सांगतात. वाटीला कोपरे नाहीत, अरुंद गळा नाही, कुठं घाण राहिली तर डोळ्याला दिसते. चार वाट्या, चार चमचे उकळून स्वच्छ फडक्यात बांधले की झालं. आमच्या आईनं तिच्या माहेरचं चांदीचं बोंडलं काढून दिलं होतं. वस्तू देखणी, पण त्याच्या चोचीत ब्रश जात नाही. ते आता कपाटात आहे.

वेळ आली की हात साबणानं धुवा, वडी बरोबर ठेवा. पाणी मोजून घ्या, पावडर टाका, ढवळा. आता हे दूध कढत आहे, तसंच पाजायचं नाही. वाटी किंवा बाटली तांब्याभर गार पाण्यात धरा, बाहेरचं पाणी आत जाणार नाही अशी. वरून गार पाणी ओतून निववू नका, सगळी मेहनत वाया. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट लागलं की पाजा. बाळानं तोंड लावून सोडलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. जीव हळहळतो, पण ओता.

थर्मासातलं पाणी निवलं तर हॉटेलात ‘‘जरा गरम पाणी द्या’’ म्हणून भागत नाही. ते चहाच्या पातेल्यातलं कोमट देतात. डोळ्यांदेखत खळखळ उकळायला लावा, दोन रुपये जास्त द्या. विकतच्या बाटलीतलं पाणीही उकळूनच. वीस लिटरचे जार तर लग्नाच्या मांडवात सगळीकडे असतात. त्यातलं बरंच पाणी नुसतं गार केलेलं असतं. गार म्हणजे शुद्ध नव्हे.

आता पाण्याबद्दल एक गोष्ट, जी माझ्या खात्याच्या अखत्यारीत येते. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यानं त्याचं प्रमाण थोडं वाढतं. उकिरडा, गोठा, शौचखड्डा यांच्या जवळची उथळ विहीर, किंवा जिथं वर्षानुवर्षं युरिया हात सैल सोडून टाकला आहे तिथली विहीर, यांच्या पाण्यात नायट्रेट जास्त असू शकतं. मोठ्या माणसाला ते लगेच जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाच्या रक्तात मात्र प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. विहिरीच्या पाण्याचा आणि तान्ह्या बाळांच्या या आजाराचा संबंध अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९४५ साली एका डॉक्टरनं दाखवून दिला, तोही शेतीचाच मुलूख. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा ठरवलेली आहे. माती परीक्षण करता, तसं पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते होतं. गावाला गेल्यावर पाहुण्यांच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी बाळाला नको, घरचं तपासलेलं पाणीच बरोबर न्या.

आणि फवारणीचं सामान ज्या पिशवीत जातं ती पिशवी बाळाच्या वस्तूंसाठी धुऊनही वापरू नका. कीटकनाशकाची रिकामी बाटली पाण्याला वापरणारी घरं मी पाहिलेली आहेत.

ज्यांच्या अंगावर दूध आहे त्या भगिनींना यातलं काहीच लागत नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, पाण्याचा थेंबही नको, बाहेर जातानाही तेच सगळ्यात सोपं. खुरपणीला जाताना बाळाला बरोबर नेता येत नसेल तर दूध पिळून उकळलेल्या वाटीत झाकून सावलीत ठेवता येतं. पंचवीस अंशांच्या आसपास ते चार तास टिकतं, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. १९९२ च्या कायद्यानं डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, फुकट नमुना देऊन गळ्यात मारायलाही. कुणी दिला तर घेऊ नका.

एवढं करूनही बाळाला जुलाब लागलेच तर ओआरएस पाजत पाजत दवाखाना गाठा, दूध तोडू नका. टाळू खोल गेली, रडताना डोळ्यात पाणी नाही, सहा तासांत लघवी नाही, बाळ मलूल पडलं, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

पुढच्या महिन्यात आत्याच्या नातवाचं लग्न होतं, अकलूजला. थर्मास, पाच डब्या, पाच वाट्या, साबणाची वडी असं बोचकं घेऊन आम्ही गेलो. मांडवात सगळ्यांसमोर मी वाटीत पाणी मोजायला लागलो तसं आत्या म्हणाली, ‘‘काय रे बाबा, लेकराला दूध देतोस का कपाशीला औषध?’’ बायका हसल्या. मुलीनं दूध पिऊन ढेकर दिला आणि तिच्याच मांडीवर झोपली. संध्याकाळी निघताना आत्यानं डब्या मोजून माझ्या हातात दिल्या आणि थर्मास कुठं मिळाला ते विचारलं. तिच्या धाकट्या सुनेला आठवा महिना होता.