झोळीचं शास्त्र

पुण्यातल्या खराडी बायपासच्या आसपासच्या मोठ्या रुग्णालयांत शिरलं की पाट्या शरीराची वाटणी दाखवतात. एका मजल्यावर मूत्रविकार, तिथे मुतखड्याची आणि प्रोस्टेटची रांग. दुसऱ्या मजल्यावर स्त्रीरोग, तिथे बाळंतपणाची. शिंकलं, खोकलं, जिना उतरला की जिची लघवी सुटते, किंवा उकिडवं बसलं की जिचं 'अंग बाहेर येतं', तिने कोणत्या मजल्यावर जायचं? बायका लाजेपोटी बोलत नाहीत, असं उत्तर ठरलेलं असतं. लाज असतेच, पण तेवढ्याने भागत नाही. दोन शेतांच्या मधल्या बांधाकडे दोन्ही मालकांनी दुर्लक्ष करावं, तसं ओटीपोटाचं हे दुखणं दोन शास्त्रांच्या मध्ये पडून राहिलं. हा बांध सांभाळायला नुसता कुशल हात पुरत नाही. शिकवणारा, नोंदी ठेवणारा, आपल्याच शस्त्रक्रियेचा दहा वर्षांनी हिशोब मागणारा प्राध्यापक-शल्यविशारद लागतो. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आधी रचना पाहू. खराडीत टॉवर उभे राहतात तिथे, परांचीच्या सावलीत, जुन्या साडीची झोळी बांधून त्यात तान्हं निजवलेलं दिसतं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची आणि चिवट पडद्यांची अशीच झोळी असते. मूत्राशय, पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. मिशिगनच्या जॉन डिलान्सी यांनी 1994 साली मांडलेली कल्पना मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते. बागेतल्या पाण्याच्या नळीवर पाय दिला, तर खालची जमीन टणक असेल तेव्हा पाणी थांबतं. खाली चिखल असेल तर नळी नुसती रुतते आणि पाणी वाहतच राहतं. मूत्रनलिकेचंही तसंच. खोकताना वरून दाब येतो, पण खालची झोळी ढिली असेल तर नळी मिटत नाही. बाळंतपणात ताणलेल्या या झोळीवर पुढे रोज डोक्यावरच्या घमेल्याचा भार आला, तर ती किती टिकणार?

इतिहास झटपट उरकतो. अमेरिकेत मॅरियन सिम्स यांनी 1840च्या दशकात गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये पडलेली भोकं शिवली. शास्त्राची सुरुवात अशी डागाळलेली. 1948 साली आर्नल्ड केगेल यांचे या झोळीच्या स्नायूंचे व्यायाम आले, 1996 साली स्वीडनच्या उल्मस्टेन यांची मूत्रनलिकेला खालून आधार देणारी फीत आली. अमेरिकेत 2011 साली या कामाला मूत्रविकार आणि स्त्रीरोग या दोन्ही शाखांची सामाईक उपशाखा म्हणून मान्यता मिळाली.

पण खरी गोष्ट मुंबईत घडली, आणि ती घाईने सांगवत नाही. गोव्यातल्या शिरोड्यात 1899 साली जन्मलेले विठ्ठल नागेश शिरोडकर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा त्यांचा टाका (1955) जगभर गेला, पण मला त्यांचं दुसरं काम जास्त ओढून घेतं. पाश्चात्त्य पुस्तकांत अंग बाहेर येणं म्हणजे उतारवयाचं दुखणं, आणि पिशवी काढणं हा त्यावरचा सरळ उपाय. इथे मात्र विशी-पंचविशीतल्या, अजून मूल हवं असलेल्या मुली हे दुखणं घेऊन येत. शिरोडकरांनी मांडीतली पांढरी चिवट पट्टी काढून ती पिशवीच्या मानेला मागून टाचली आणि तिची टोकं पोटाच्या आवरणाखालून नेऊन त्रिकास्थीच्या कंगोऱ्याला बांधली. उजवी बाजू त्यातल्या त्यात सोपी. डावीकडे मोठ्या आतड्याचं वळण आडवं येतं, म्हणून तिथे पट्टी आधी सोआस स्नायूतून ओवून घ्यायची. मुंबईच्याच पुरंदऱ्यांनी पोटाच्या पुढच्या भिंतीच्या पट्ट्या वापरल्या. खोकताना पोट आवळलं की झोळीही आवळते. पुढे अजित विरकूड यांनी उजवं टोक शिरोडकरांसारखं त्रिकास्थीला आणि डावं पुरंदऱ्यांसारखं पोटाच्या भिंतीला बांधून आतड्याची अडचण टाळली. एकाने केलेलं दुसऱ्याने तपासून सुधारलं. हे अध्यापनाच्या परंपरेतच घडतं. एकट्यादुकट्या दवाखान्यात सहसा नाही.

कोणी म्हणेल, स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत की, मूत्रविकारवाल्याची लुडबुड कशाला? कारण गळतीचे प्रकार निराळे. खोकताना गळणं हा झोळीचा दोष. घाईची कळ येऊन वाटेतच सुटणं हा मूत्राशयाच्या अवेळी आवळण्याचा. दुसऱ्या प्रकारात पहिल्याची फीत घातली तर दुखणं वाढू शकतं. हा भेद करायला मूत्राशयातला दाब मोजण्याची तपासणी नीट वाचता यावी लागते. दुसरा आक्षेप असा की ही आयटी पार्कमधल्या सुखवस्तू बायकांची चैन आहे. पण डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या (1989). त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. बीड जिल्ह्यात 2019 साली 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे अनेकींना अंगावरून पांढरं जाण्यासारख्या तक्रारीवरही हाच उपाय सांगितला गेला होता. पिशवी गेली तरी झोळी ढिली ती ढिलीच. पुढे योनीचा वरचा भाग खाली उतरण्याचा धोका राहतोच.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: झोळीला आधार म्हणून योनीमार्गातून बसवलेल्या कृत्रिम जाळ्यांचं काय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2019 साली अंग बाहेर येण्यावरच्या त्या जाळ्यांची विक्री थांबवली, आणि त्या वापरणाऱ्यांत तज्ज्ञही होते. कबूल. पण तिथे चुकला तो वेग. कंपनीची जाळी आधी बाजारात गेली आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी मागाहून आल्या. मुळात या शाखेतला चांगला शिक्षक बहुतेकींना पहिल्याच भेटीत शस्त्रक्रिया सांगत नाही. आधी स्नायूंचे व्यायाम, आणि त्याच्याही आधी हातात एक वही: तीन दिवस किती प्यायलं, किती वाजता लघवीला गेलं, किती झाली, कशाने गळली. खराडीतल्या कंपनीत बसणारीला ती फोनवर भरता येते. परांचीखाली झोळी बांधणारीसाठी ती चित्रांची करावी लागेल, आणि कामाच्या जागी तिला जायला आधी संडास असावा लागेल.