मुंबई ते लंडन : अंतर एक, तास वेगळे

मुंबईहून लंडनला जायला किती तास लागतात, हे नुसत्या भागाकाराने काढायचं तर गणित सोपं आहे. दोन विमानतळांमधलं अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी साधारण ९०० किलोमीटर, म्हणजे आठ तास. तिकिटावर मात्र जाताना नऊ-साडेनऊ, कधी दहा तासांच्याही पुढचा वेळ असतो आणि परतीचा त्याहून कमी. हे असं का होतं?

आधी ते ७,२०० किलोमीटर पाहू. भिंतीवरच्या नकाशात पट्टीने रेघ ओढली, तर ती अरबी समुद्रावरून इराक, तुर्कस्तान अशी जाते. पण पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो बराच उत्तरेकडून जातो : सौराष्ट्र, कराची, बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी. निम्मं अंतर संपतं ते जॉर्जियाच्या राजधानीजवळ, तिब्लिसीपाशी. गोल पृथ्वीवर सर्वांत जवळची वाट हीच, आणि ७,२०० हा आकडा तिचाच आहे.

आता याच वाटेवर आजचं राजकारण ठेवून बघा. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीतून जाण्यास मनाई केली; ब्रिटिश कंपन्यांना ती लागू नव्हती. त्यामुळे एकाच दिवशी, याच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळं अंतर कापू शकतात. दोऱ्याने मोजलेलं अंतर हे किमान अंतर असतं, प्रत्यक्षातलं नव्हे.

वाऱ्याचा परिणाम तर मला सर्वांत विलक्षण वाटतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. वाटेत सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जमिनीच्या हिशेबात विमानाचा वेग ८०० उरतो आणि ७,२०० किलोमीटरला नऊ तास लागतात. तोच वारा परतताना पाठीशी असला, तर वेग १,००० होतो आणि सव्वासात तासांत काम होतं. विमान तेच, इंजिनं तीच, फरक पावणेदोन तासांचा.

उरलेली मिनिटं जमिनीवर आणि विमानतळाच्या आसपास जातात. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकणं, रांग, चढण, उतरण हे सगळं त्यात आलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की उतरण्याआधी विमानांना आकाशात घिरट्या घालायला लावतात.

शेवटी घड्याळाचा हिशेब. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. जानेवारीत मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी ६ ला पोचणारं विमान पाच नव्हे, साडेदहा तासांचं आहे. परतताना हाच फरक वजा करायचा.

मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांना पुढचं विमान गाठायचं असेल, किंवा औषधांच्या वेळा ठरवायच्या असतील, तर किलोमीटर बाजूला ठेवा आणि त्या तारखेच्या तिकिटावरून तास मोजा. जाण्याचे आणि येण्याचे वेगळे.